पडलो तरी नाक वर

‘गेल्या वर्षभरात तुम्ही पडलात का?’

तुम्ही पासष्टी ओलांडली असेल, तर हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला असेल. मेडिकेअरच्या वार्षिक तपासणीला गेलं की वेटिंग रूममध्ये क्लिपबोर्डला लावलेला एक कागद हातात येतो. झोप कशी लागते, मन उदास असतं का, आंघोळ स्वतःची स्वतः करता का, आणि त्यातच कुठेतरी हा प्रश्न. तुम्ही तरुण असाल, तर आईबाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून तुम्ही हा कागद पाहिला असेल. कदाचित त्यांच्या वतीने भरलाही असेल.

मागच्या वर्षी मी या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण केली. त्याच्या तीन आठवडे आधी आमच्या गॅरेजमध्ये रिसायकलिंगचा डबा ओढताना मी खाली बसलो होतो. ‘बसलो’ हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण बायकोला मी हाच शब्द सांगितला. मुलीला तेवढंही सांगितलं नाही. कोपर खरचटलं होतं, म्हणून आठवडाभर लांब बाह्यांचे शर्ट घातले आणि विषय संपवला.

विषय माझ्यापुरता मात्र संपला नाही. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. न दिलेल्या आणि चुकीच्या दिलेल्या उत्तरांमुळे चांगली पाहणीसुद्धा कशी फसते, हे तीस वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच ते चुकीचं उत्तर होऊन बसलो. मग हा प्रश्न त्या कागदावर आला कुठून, कोणी आणला आणि कशासाठी, हे वाचत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

डोळे मिटून उभे राहा

माणसाचा तोल तपासण्याची डॉक्टरी पद्धत साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. बर्लिनचे मोरित्झ रोमबर्ग यांनी १८४० ते १८४६ या काळात मज्जासंस्थेच्या रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा एक रोग झालेल्या माणसाला पाय जुळवून उभं केलं, तर तो उभा राहतो; पण डोळे मिटायला सांगितले की लगेच डोलू लागतो, हे त्यांनी त्यात नोंदवलं. असे रुग्ण सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी खातात, हेही डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.

यामागचं कारण सोपं आहे. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो. डोळे सांगतात की भिंत सरळ आहे. कानाच्या आतला भाग सांगतो की डोकं कलतंय. आणि तळपाय, घोटे, गुडघे सांगतात की वजन कुठे पडतंय. तिघांपैकी एक थकला तर उरलेले दोघे सांभाळून घेतात. रोमबर्गच्या रुग्णाच्या पायांकडून बातमी येणं बंद झालेलं असतं, तो डोळ्यांच्या आधारावर उभा असतो. डोळे मिटले की तोही आधार गेला. म्हातारपणी हे तिन्ही थोडेथोडे मंदावतात, म्हणून रात्री अंधारात बाथरूमला जाणं दिवसापेक्षा धोक्याचं असतं. ही परीक्षा आजही न्यूरॉलॉजिस्टकडे तशीच होते.

अमेरिकेत १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाचे वायर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या माणसाचं डोकं किती डोलतं हे इंचात मोजलं. धडधाकट माणूसही अगदी स्थिर उभा नसतो, तो सतत बारीक डोलत असतो आणि सतत स्वतःला सावरत असतो, हे अशा मोजमापातून दिसलं. आपण ज्याला ‘नुसतं उभं राहणं’ म्हणतो, ते शरीराचं न थांबणारं काम आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे डॉक्टर रोग शोधत होते. एखादी आजी न्हाणीघरात पडली, तर तो रोग नव्हता. तो अपघात होता, किंवा वय होतं. आपल्याकडेही तेच. ‘वय झालं, पडायचंच’ असं म्हणून मोडलेला खुबा घेऊन किती माणसं कायमची खाटेला खिळली, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

घरी जाऊन विचारणारा डॉक्टर

हा समज बदलायला सुरुवात झाली ती इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या कारखान्यांच्या गावात. डॉ. जे. एच. शेल्डन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी केली. इस्पितळात आलेल्या म्हाताऱ्यांची नव्हे, घरी राहणाऱ्यांची. त्यांचं पुस्तक १९४८ साली आलं. इस्पितळात पोचतो तो फक्त हाड मोडलेला माणूस. पडून, उठून, कपडे झटकून गप्प राहणारा तिथे दिसत नाही. शेल्डनना तो घरी भेटला.

पुढे १९६० साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला. त्यात २०२ माणसांच्या ५०० पडण्यांचा हिशेब आहे. कोण जिन्यावर पडलं, कोण अडखळून, कोण भोवळ येऊन, कोण मान वर करताना, कोणाचे पाय कारण नसताना एकाएकी गळून गेले, अशी प्रतवारी त्यांनी लावली. पडण्याला कारणं असतात, ती वेगवेगळी असतात आणि ती विचारली तर कळतात, ही त्या लेखाची शिकवण. लेखाच्या नावातच ‘नैसर्गिक इतिहास’ हे शब्द आहेत. एखाद्या पक्ष्याचा अभ्यास करावा तसा त्यांनी पडण्याचा अभ्यास केला.

१९६५ चे दोन कायदे

आता आपल्या देशात, म्हणजे या देशात, येऊ. १९६५ हे वर्ष आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आठवण्यासारखं आहे. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. नव्या कायद्याने देशोदेशींचे जुने कोटे गेले, आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी इथे येऊन स्थायिक होऊ लागले. तुमच्यापैकी अनेकांची इथली गोष्ट त्या सहीपासून सुरू होते. माझीही.

पण त्याच वर्षी, दोन महिने आधी, ३० जुलैला त्याच जॉन्सननी मिझुरीमधल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली होती. तेव्हा आपण पंचविशीत किंवा त्याहून लहान होतो. आपल्या दृष्टीने तो दुसऱ्यांच्या आजोबांचा कायदा होता. आज पहिल्या कायद्याने आलेली माणसं दुसऱ्या कायद्याच्या आधारावर जगत आहेत. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, त्या सुमाराला हॉलमधल्या खुर्च्या लावणारे तरुण आज त्याच खुर्च्यांवरून उठताना हाताचा आधार घेतात.

मेडिकेअर आल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचा खर्च सरकारच्या वहीत दिसू लागला. १९७४ साली वार्धक्याच्या संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. रॉबर्ट बटलर. वयावरून माणसाला कमी लेखण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो त्यांनीच १९६९ साली घडवला. ‘वय झालं, चालायचंच’ या वाक्यावर त्यांचा राग होता. म्हातारपणात जे काही होतं ते सगळं म्हातारपणामुळे होत नाही, हे त्यांचं म्हणणं. पडण्याचा अभ्यास या देशात पुढे उभा राहिला तो याच विचारावर.

न्यू हेवनचे आकडे

या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांचं. १९८६ साली त्यांनी तोल आणि चाल तपासण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. माणूस खुर्चीतून कसा उठतो, उभं असताना छातीवर हलकेच ढकललं तर सावरतो का, वळताना पावलं तुटक पडतात का, हे नुसतं बघून गुण द्यायचे. मग १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा अभ्यास आला. घरी राहणारी, पंचाहत्तरी ओलांडलेली ३३६ माणसं आणि एक वर्षाचा काळ. त्या वर्षात ३२ टक्के माणसं निदान एकदा पडली.

पण मला थांबवलं ते पुढच्या आकड्याने. धोक्याचं एकही लक्षण नसलेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण ८ टक्के होतं. चार किंवा अधिक लक्षणं असलेल्यांमध्ये ते ७८ टक्के होतं. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, पायातली कमजोरी, पावलांची दुखणी, तोल आणि चालीतला बिघाड, विसरभोळेपणा अशी ती लक्षणं. सगळी माणसं म्हातारीच होती, तरी फरक ८ आणि ७८ चा. म्हणजे पडणं वयात नाही, या जमलेल्या कारणांमध्ये आहे. आणि त्यांतली बरीच कारणं बदलता येतात.

१९९० साली टिनेटी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली: भीती. आंघोळ करणं, कपाटातून वस्तू काढणं, अशी दहा रोजची कामं सांगून ‘न पडता हे कराल याची खात्री किती?’ असं त्यांनी विचारलं. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की पाय दुबळे होतात आणि मग तो खरोखर पडतो. आपल्यातले काही जण आता रात्रीच्या नाटकाला येत नाहीत. कारण विचारलं तर ‘हल्ली कंटाळा येतो’ म्हणतात. तो कंटाळा नेहमी कंटाळा असतोच असं नाही.

एक खुर्ची, एक घड्याळ

याच काळात तपासण्या सोप्या होत गेल्या. बर्मिंगहॅमचे प्राध्यापक बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांचे सहकारी मथायस व नायक यांनी १९८६ साली सुचवलं, की माणसाला फक्त म्हणा, ‘उठा आणि चाला.’ खुर्चीतून उठायचं, थोडं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बघणाऱ्याने एक ते पाच गुण द्यायचे. अडचण अशी, की एकाचे दोन गुण दुसऱ्याला तीन वाटत. १९९१ साली मॉन्ट्रियलच्या डायन पॉडसियाड्लो आणि सॅन्ड्रा रिचर्डसन यांनी त्यात घड्याळ आणलं. अंतर ठरवलं ३ मीटर, आणि वेळ सेकंदात मोजली. संख्याशास्त्राच्या माणसाला अशा सुधारणेचं कौतुक वाटणारच.

१९८९ साली कॅथरीन बर्ग यांनी चौदा कृतींची ५६ गुणांची परीक्षा आणली. पुढच्या वर्षी पामेला डंकन यांनी भिंतीला मोजपट्टी लावून, पाय न हलवता हात पुढे किती पोचतो ते मोजलं. १९९४ साली जॅक गुरालनिक यांनी ५ हजारांहून अधिक माणसांच्या अभ्यासातून दाखवलं, की उभं राहणं, आठ फूट चालणं आणि खुर्चीतून पाच वेळा उठणं एवढ्यावरून पुढे कोणाला नर्सिंग होममध्ये जावं लागेल याचा अंदाज येतो. या कशालाही मोठं यंत्र लागत नाही.

आज सीडीसी ही सरकारी संस्था डॉक्टरांना तीन तपासण्या सुचवते. घरीही त्या समजून घेता येतात. मात्र कोणीतरी शेजारी उभं हवं, आणि समोर स्वयंपाकघराचा ओटा असला तर उत्तम.

पहिली, उठून दहा फूट चालून परत येऊन बसणं. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर लक्ष द्यायला हवं. दुसरी, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमलं, तर ते सरासरीच्या खाली. तिसरी, उभं राहण्याच्या चार पायऱ्या: पाय शेजारी, मग एक पाऊल किंचित पुढे, मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून, मग एका पायावर. प्रत्येकी १० सेकंद. टाचेला अंगठा लावून दहा सेकंद उभं राहता आलं नाही, तर धोका वाढलेला समजतात.

यात एक सावधगिरी सांगायला हवी. ११ सेकंद लागले म्हणून आपण सुरक्षित आणि १३ लागले म्हणून उद्या पडणार, असं नाही. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसांमध्ये नुसत्या चालण्याच्या वेळेवरून कोण पडेल हे नीट सांगता येत नाही, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. तपासणीतला आकडा म्हणजे भविष्य नाही. पुढे काय विचारायचं ते तो सुचवतो.

आणि एक आपल्या जिव्हाळ्याची तपासणी. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ अरावझो यांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा, गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि उठायचं. दहापैकी गुण. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. वाचताना मला आमच्या घरचा पाट आठवला. जेवायला मांडी, अभ्यासाला मांडी, पूजेला मांडी. दिवसातून दहा वेळा आपण ही परीक्षा देत होतो. इथे आल्यावर आधी सोफा आला, मग रिक्लायनर आला, आणि आता लक्ष्मीपूजनालाही गुरुजींसमोर खुर्ची मांडतो. दुखऱ्या गुडघ्यांना दोष नाही. पण काय गेलं ते माहीत असावं.

मोजून काय मिळालं?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. नुसतं मोजून कोणाचं पडणं थांबत नाही.

१९९४ साली टिनेटी यांनी सत्तरीपुढच्या ३०१ माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या गटात प्रत्येकाची कारणं पाहून उपाय केले: गोळ्या कमी करणं, उठल्यावर रक्तदाब घसरतो का ते पाहणं, तोल आणि ताकदीचे व्यायाम, घरातल्या अडचणी दूर करणं. वर्षभरात त्या गटातली ३५ टक्के माणसं पडली, दुसऱ्या गटातली ४७ टक्के. १९९६ साली अटलांटात एमरी विद्यापीठाच्या स्टीव्हन वुल्फ यांच्या अभ्यासात ताई ची शिकवलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. २०१९ साली १०८ प्रयोगांचा आणि २३ हजारांहून अधिक माणसांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा, की व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. त्यात तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम महत्त्वाचे. याउलट, नुसतं पडणं टाळण्यासाठी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, असं या देशाच्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली सांगितलं. अर्थात, कमतरता असेल तर गोष्ट वेगळी.

पण इतिहास म्हणजे फक्त यशाची यादी नव्हे. २०२० साली एका फार मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. ८६ दवाखाने, ५,४५१ माणसं, खास प्रशिक्षित नर्स. गंभीर दुखापती जेमतेम ८ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. नर्सने सल्ला द्यायचा आणि पुढे तो माणसाने पाळायचा, यात बरंच काही वाटेत गळून जातं. कागदावरची योजना कितीही चांगली असली, तरी व्यायाम शेवटी ज्याचा त्यालाच करावा लागतो.

पडणं कशाला म्हणायचं

आता मी माझ्या ‘बसलो’कडे परत येतो.

१९८८ साली कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी एक छोटा पण मार्मिक अभ्यास केला. ज्यांच्या पडण्याची खात्रीची नोंद होती, अशा म्हाताऱ्या माणसांना नंतर विचारलं, ‘तुम्ही पडला होतात का?’ किती काळाबद्दल विचारलं त्यानुसार १३ ते ३२ टक्क्यांना आठवलंच नाही. म्हणून आता संशोधक वर्षाअखेरीला न विचारता, रोज कॅलेंडरवर खूण करायला सांगतात.

हे झालं विसरणं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. मराठीत न पडण्याचे केवढे शब्द आहेत बघा: पाय घसरला, तोल गेला, अडखळलो, टेकलो, सटकलो, भोवळ आली, जरा बसलो. संशोधकांनाही ही अडचण आली होती. १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या ठरवली. तिचा आशय असा, की नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणं म्हणजे पडणं. कोणी ढकललं, झटका आला, शुद्ध हरपली तर ते वेगळं. व्याख्येत लागलं की नाही याचा प्रश्न नाही. हाड मोडलं की नाही याचाही नाही. त्या व्याख्येने मी गॅरेजमध्ये बसलो नव्हतो. पडलो होतो.

न लागलेलं पडणं मोजायचं कशाला? याचंही उत्तर न्यू हेवनमध्ये आहे. १९९७ साली टिनेटी आणि विल्यम्स यांनी दाखवलं, की एकदा, फारसं न लागता पडलेल्यांनाही नर्सिंग होममध्ये कायमचं जावं लागण्याचा धोका न पडलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. गंभीर इजा झालेल्यांना दसपट. आपण मुलांपासून पडणं लपवतो ते बहुधा याच भीतीने: ‘सांगितलं तर गाडीची किल्ली जाईल, घर विकायला लावतील, कुठेतरी नेऊन ठेवतील.’ आकडे सांगतात की जे टाळायला आपण गप्प बसतो, तिकडेच गप्प बसणं आपल्याला नेऊ शकतं. कारण पहिल्या पडण्याच्या वेळी कारणं अजून बदलण्यासारखी असतात.

सीडीसीच्या म्हणण्यानुसार पासष्टीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जण दर वर्षी पडतात, आणि त्यांतले निम्म्याहून कमी डॉक्टरांना सांगतात. २०२१ साली या देशात पडण्यामुळे ३८ हजारांहून अधिक वृद्धांचा मृत्यू झाला. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ती या आकड्यांशेजारी ठेवली की हसू येत नाही.

दोन्ही पिढ्यांसाठी

माझ्या वयाच्या मंडळींनो, पुढच्या तपासणीला तीन गोष्टी न विचारता सांगा: वर्षभरात पडलो का, उभं राहताना किंवा चालताना डगमगतं का, पडण्याची धास्ती वाटते का. औषधांची यादी सोबत न्या, त्यात दुकानातून आपणच आणलेल्या गोळ्याही लिहा. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी घातक औषधांची यादी सुरू केली. आज त्या यादीत झोपेसाठी सर्रास घेतलं जाणारं बेनाड्रिलही आहे. त्याने गुंगी येते आणि रात्री उठताना तोल जातो.

आणि मुलांनो, तुम्हाला एक विनंती. डॉक्टरकडे तुम्ही आईसाठी दुभाषाचं काम करता तेव्हा ‘आई, तू पडली नाहीस ना?’ असं विचारू नका. या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. पाहणी करणाऱ्याने असा प्रश्न विचारला तर मी त्याला नापास केलं असतं. ‘आई, या वर्षी कधी पाय घसरला, तोल गेला, खाली बसावं लागलं?’ असं विचारा. तिच्या शब्दांत विचारा. आणि उत्तर ‘हो’ आलं तर लगेच किल्ली मागू नका. कुठे, कधी, काय करताना, हे शेल्डनसारखं विचारा. तुम्ही पहिल्या उत्तरावर काय करता, यावर ती दुसऱ्यांदा खरं सांगेल की नाही हे ठरतं.

मी डॉक्टरांना फोन करून माझं उत्तर दुरुस्त केलं. तपासणीत खुर्चीतून ३० सेकंदांत ९ वेळा उठलो, हवं होतं ११. चालायला १३ सेकंद लागले. रक्तदाबाची एक गोळी बदलली, आणि आठ आठवडे फिजिकल थेरपिस्टकडे गेलो. तिथल्या मुलीने मला ओट्याला हात लावून एका पायावर उभं केलं. मी तिला म्हटलं, याला आमच्याकडे वृक्षासन म्हणतात. ती म्हणाली, मग इतकी वर्षं का केलं नाहीत? उत्तर नव्हतं.

सगळ्यात अवघड तपासणी मात्र घरी होती. मुलीला फोन करून सांगितलं, ‘मी मागे पडलो होतो.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाबा, लांब बाह्यांचा शर्ट मी व्हिडिओवर पाहिला होता. ऑगस्ट होता.’

आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या देशात म्हातारे होणारी आपली ही पहिलीच पिढी, म्हणजे पुढचे आपणच. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही, तर मागचा शहाणा होणार कसा?

या दिवाळीत मंडळाच्या हॉलच्या पायऱ्या उतरताना कठडा धरा. आणि कोणी ‘काय, कसं काय?’ विचारलं, तर एकदा खरं सांगून बघा.